दोन डोंगरांचे एक स्टेशन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या माघ महिन्यात आपल्या मंडळाची सहल डोंगरगडला जाऊन आली. तिची हकिगत मी सांगावी, असे कार्यकारिणीने ठरवले. सहलीला एकतीसजणी होत्या. ज्या येऊ शकल्या नाहीत, त्यांनी नंतर विहिरीवर, दळणाच्या गिरणीवर, बाजारात, जिथे भेट होईल तिथे विचारले, "बाई, काय काय पाहिलं?" त्या सर्वांना एकदमच उत्तर देण्याची ही संधी आहे.

डोंगरगड आपल्याला नवे नाही. चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रांत आपल्या भागातून कितीतरी माणसे बम्लेश्वरी देवीच्या दर्शनाला जातात. गावातल्या बौद्ध वस्तीतली माणसेही डोंगरगडला जातात, पण ती ६ फेब्रुवारीला. त्या दिवशी तिथल्या प्रज्ञागिरी टेकडीवर बुद्धमूर्तीजवळ मोठा मेळावा भरतो आणि महाराष्ट्रातून गाड्या भरभरून लोक येतात. म्हणजे गाव एक, रेल्वे एक, उतरायचे स्टेशन एक. पण एकीने एक डोंगर चढायचा आणि दुसरीने दुसरा. एकीने पाहिले ते दुसरीला ठाऊक नाही. मंडळाने या वेळी हे दोन्ही डोंगर एकाच दिवशी, सगळ्यांनी मिळून चढायचे ठरवले. सहलीतली नवी गोष्ट एवढीच आहे, आणि मला बोलायचे आहे ते तिच्याविषयीच.

हे ठरणे सोपे गेले नाही. मासिक सभेत विषय निघाला तेव्हा एक वडीलधाऱ्या काकू स्पष्टच म्हणाल्या, "देवीले जायचं तं चाला. त्या दुसऱ्या टेकडीवर आपलं काय काम?" इकडे आमच्या वस्तीतल्या एका मावशींनीही तितकेच स्पष्ट सांगितले, "आमी देवीच्या डोंगरावर कावून यायचं? बाबासाहेबांनी नागपुरात काय सांगितलं, ते आमी विसरलो का?" मावशींचे म्हणणे खोटे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. देवदेवतांची पूजा करणार नाही, हे त्यांत आहे. ज्या घरांनी ही प्रतिज्ञा घेतली, त्यांनी ती तीन पिढ्या सांभाळली आहे. सहलीच्या हौसेपायी ती मोडा, असे कोणी कोणाला म्हणू नये. तसेच काकूंचीही श्रद्धा जन्मभराची. ती सोडा, असे म्हणणारे आपण कोण?

सभा तिथेच मोडायची. परंतु अध्यक्षाबाईंनी एक तोडगा काढला, आणि तो मंडळाच्या इतिवृत्तात लिहून ठेवला आहे: "चढायचे सर्वांनी, नमस्कार ज्याचा त्याने करायचा." या एका वाक्यावर सहल निघाली. पैशाचा प्रश्नही असाच सुटला. रोजीवर जाणाऱ्या बहिणींना एकरकमी भाडे देणे जड जाते. म्हणून दहा महिने आधीपासून सर्वांनीच दरमहा थोडे थोडे जमा केले. कोणी कोणावर उपकार केला नाही.

आता प्रवासाचे सांगते. बपेऱ्याहून सिहोऱ्यावरून तुमसर, आणि तिथून पुढे देव्हाडी. आपण ज्याला तुमसर रोड स्टेशन म्हणतो ते देव्हाडीला आहे, हे आपल्या मुलींनाही आता माहीत नसते. ही लाईन फार जुनी. नागपूरहून छत्तीसगडाकडे रूळ टाकायला सुरुवात झाली ती छत्तीसगडचे धान्य बाहेर नेता यावे म्हणून. १८८० साली गाडी तुमसरपर्यंत आली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत राजनांदगावला पोहोचली. तेव्हा रूळ अरुंद होते, मीटर गेजचे. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाईन घेतली, रूळ रुंद केले आणि कलकत्त्याकडे वाट काढली. आपल्या आज्या-पणज्या जिला 'बी.एन.आर.' म्हणत, ती हीच. धान्य नेण्यासाठी टाकलेल्या रुळांवरून आज आपण डोंगर पाहायला जातो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डोंगरगड आज परराज्यात आहे. परंतु पूर्वीचे खैरागड संस्थान १९४८ साली विलीन झाल्यापासून १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत डोंगरगड आणि आपला भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे आपण मुंबई राज्यात व मग महाराष्ट्रात आलो. डोंगरगड मध्य प्रदेशात राहिले आणि २००० साली छत्तीसगडात गेले. सरहद्द बदलली तरी सोयरीक आणि बाजार बदलत नाहीत, हे बपेऱ्याच्या माणसांना काय सांगायचे! बावनथडीच्या पलीकडे आपल्या किती लेकी दिलेल्या आहेत!

गोंदियाला आम्ही गाडी बदलली. तिथून पुढे डोंगरगडची वाट. गुदमा, आमगाव, धानोली असे एकेक स्टेशन जात होते. शेतांत धानाची कापणी कधीच आटोपलेली, बांध्या मोकळ्या पडलेल्या. डब्यात मराठी होती, पोवारी होती, छत्तीसगढी होती. मध्येच गोंडीही कानावर येई. सालेकसा गेले आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले. दरेकसा स्टेशनवर पिवळे झेंडे घेतलेली पुष्कळ माणसे उतरली. माघ पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या सुमारास जवळच्या कचारगडच्या गुहांत गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. पारी कुपार लिंगो यांच्या स्मरणाने दूरदूरच्या राज्यांतून लोक तिथे येतात. आमच्यातल्या काहींनी हे नावही ऐकले नव्हते. दरेकसा सोडल्यावर चढ लागतो, रान दाट होते आणि मग बोगदा. बोगद्यात अंधार होताच पोरीबाळींनी ओरडून घेतले, आणि खरे सांगायचे तर आज्यांनीही घेतले. पलीकडे निघालो की बोरतलाव, म्हणजे छत्तीसगड. मग पनियाजोब, आणि पुढचे डोंगरगड.

गाडीतच सर्वांनी डबे सोडले. आपल्या बाजूला चौघी-पाचजणी, समोरच्या बाजूला चौघी-पाचजणी. कोणी कोणाला काही म्हटले नाही. परंतु डबे उघडले गेले ते गावातल्या वस्त्यांप्रमाणेच. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण पुढे त्याचा संबंध आहे.

आधी देवीचा डोंगर. मोठ्या बम्लेश्वरीचे मंदिर समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे फुटांवर आहे. पायऱ्या हजाराहून अधिक. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी रोपवे आहे. मात्र तो चालू आहे की नाही, हे आधी विचारून जावे. खाली छोट्या बम्लेश्वरीचे मंदिर आणि तलाव आहे. इथे पूर्वी कामावती नावाची नगरी होती, राजा कामसेनाच्या दरबारात कामकंदला नावाची नर्तकी होती, माधवानल नावाच्या संगीतकारावर तिचे प्रेम जडले आणि अखेर उज्जयिनीच्या विक्रमादित्याला त्यांच्यासाठी यावे लागले, अशी दंतकथा तिथे सांगतात. आम्ही बौद्ध वस्तीतल्या नऊजणी वरपर्यंत चढलो. बाकीच्या दर्शनाच्या रांगेत गेल्या, आणि आम्ही सावलीत बसून सर्वांच्या पिशव्या, चपला व एक तान्हे पोर सांभाळले. मावशींनी हात जोडले नाहीत, आणि जोडा असे त्यांना कोणी सांगितले नाही. वरून सगळे गाव दिसते, रेल्वेचे रूळ दिसतात आणि समोरच्या टेकडीवरची बुद्धमूर्तीही दिसते. दर्शन करून आलेल्या काकू ती पाहून म्हणाल्या, "हे तं एवढं जवळ आहे! मी आजवर पाच वेळा इथं आली, कोणी दाखवलं नाही."

मग प्रज्ञागिरी. ही टेकडी ठेंगणी, दोनशेवर पायऱ्या. वर उघड्या आकाशाखाली ध्यानस्थ बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे, तोंड पूर्वेकडे. तिथे घंटा वाजवायची नाही, रांग नाही, नारळ नाही. काही बायकांना आधी उमगेना की येऊन करायचे तरी काय. आमच्या मावशींनी त्रिशरण-पंचशील म्हटले. बाकीच्या गप्प बसून राहिल्या. काकू बराच वेळ मूर्तीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "याच्या हातात काहीच नाही गं. ना शस्त्र, ना फूल. नुसता निवांत बसला आहे. बाईमाणसाले असं बसायले कधी भेटते?" सगळ्या हसल्या, पण मला वाटते, त्या टेकडीविषयी याहून खरे कोणी बोलले नसेल.

बुद्धाचा आणि डोंगरांचा संबंध जुना आहे. राजगृहाजवळच्या गृध्रकूट पर्वतावर ते राहत आणि उपदेश करत. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी हिंडू नये, एके ठिकाणी राहावे, असा नियम होता. पुढे सह्याद्रीच्या कड्यांत त्यांच्यासाठी लेणी कोरली गेली. त्या लेण्यांना दान देणाऱ्यांत स्त्रिया होत्या. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरचे एक मोठे लेणे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दिले. तिचा शिलालेख आजही तिथल्या भिंतीवर आहे. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप सापडले.

परंतु डोंगराची वाट स्त्रियांना नेहमीच मोकळी नव्हती. बुद्धांना लहानाचे मोठे करणारी त्यांची मावशी महाप्रजापती गौतमी. तिने संघात प्रवेश मागितला, तेव्हा आधी नकार मिळाला. ती केस कापून, भगवी वस्त्रे नेसून, पुष्कळ शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, अशी ती दाराशी उभी राहिली. आनंदाने तिची बाजू मांडली, आणि मग भिक्षुणीसंघ झाला. त्या भिक्षुणींच्या गाथा 'थेरीगाथा' या ग्रंथात आहेत.

जपानातली एक गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. तिथे कोयासान नावाचे डोंगरमाथ्यावरचे गाव आहे. सारे गावच देवळांचे. कूकाई नावाच्या भिक्षूने ८१६ साली त्याची स्थापना केली. आज तिथे शंभराहून अधिक बौद्ध मंदिरे आहेत. ओसाका शहरातून आगगाडीने पायथ्याशी जायचे आणि तिथून दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीने कडा चढायचा. पण शेकडो वर्षे त्या गावात बाईला पाऊल टाकायची बंदी होती. डोंगरावर शिरण्याच्या सात वाटा, आणि प्रत्येक वाटेवर बायकांसाठी एक ओसरी. तिथपर्यंत यायचे, तिथेच प्रार्थना करायची, आणि फार तर भोवतालच्या कड्याकड्याने चालत आतली मंदिरे दुरून पाहायची. कूकाईची स्वतःची आईसुद्धा वर जाऊ शकली नाही, ती पायथ्याशी राहिली आणि मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला येई, अशी आख्यायिका आहे. पायथ्याच्या गावाचे नाव 'कुदोयामा', म्हणजे 'नऊ वेळांचा डोंगर', ते यावरूनच पडले म्हणतात. १८७२ साली सरकारने ही बंदी उठवली. त्या सात ओसऱ्यांपैकी एक अजून उभी आहे.

ही गोष्ट मी सांगितली ती जपानी लोकांना नावे ठेवण्यासाठी नव्हे. तिकडे बायकांना बाहेर थांबवायला नियम होता, पहारा होता. डोंगरगडच्या दोन्ही डोंगरांवर बाईला अडवणारे कोणी नाही. तरीही इतकी वर्षे आपल्यापैकी अर्ध्या जणी एका डोंगराच्या पायथ्याशी थांबल्या आणि अर्ध्या दुसऱ्याच्या. ही ओसरी आपल्यासाठी कोणी बांधली, याचा ज्याने त्याने विचार करावा.

प्रज्ञागिरीवरच एक बोलणे झाले, तेही सांगते. एका सुनबाईने मावशींना विचारले, "मावशी, तुम्ही इथं मागता काय?" मावशी म्हणाल्या, "मागत नाही बाई. पाच गोष्टी करणार नाही, असं आपल्याच मनाशी ठरवतो." जीवहत्या करणार नाही, न दिलेले घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू आणि नशा करणार नाही, अशी ती पाच शीले त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. सुनबाई पटकन म्हणाली, "हे पाचवं आमच्या घरच्यांना शिकवा ना." पुन्हा सगळ्या हसल्या. पण ती हसत नव्हती. मग कोणीच हसेना. काकूंनी तिला जवळ ओढून बसवले. तिच्या घरी काय चालते हे गावात ठाऊक असेल-नसेल; पण ती ते मोठ्याने बोलली ती त्या टेकडीवर, आणि ऐकायला दोन्हीकडच्या बायका होत्या. गावात परतल्यापासून तिच्या घरी दर आठवड्याला दोघी तरी जाऊन बसतात. एक काकूंकडची असते आणि एक मावशींकडची. त्या घरातला तंटा मिटला असे मी म्हणणार नाही. पण ती आता एकटी नाही, हे त्या घराला कळले आहे.

परतीच्या गाडीत सर्वांना सपाटून भूक लागली होती. पोळ्या थोड्या, चिवडा बराच, कोणाकडे नुसते लोणचे, कोणाकडे वाळलेली तांदळाची भाकर. एका मुलीने मधल्या जागेत वर्तमानपत्र पसरले आणि सगळ्यांचे उरलेसुरले त्यावर ओतले. त्यात कोणाचे काय, हे ओळखण्यासारखे राहिलेच नाही. मावशींची भाकर काकूंनी खाल्ली आणि वर "मीठ कमी आहे," असेही सांगितले. सहलीत काय पाहिले असे विचारणाऱ्यांना मी हे सांगते. दोन डोंगर पाहिले, बोगदा पाहिला, आणि हे वर्तमानपत्र पाहिले.

आता मंडळापुढे माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, ही सहल दरवर्षी व्हावी, आणि इतिवृत्तातले ते वाक्य दरवर्षी निघण्यापूर्वी वाचून दाखवावे. नवरात्रांत फार गर्दी असते; म्हाताऱ्या माणसांना आणि लेकुरवाळ्यांना घेऊन जायचे तर माघच बरा. धानाची कामे संपलेली असतात आणि ऊनही कडक नसते. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, म्हणून आठ दिवस आधी कोणीतरी देव्हाडीला जाऊन चौकशी करून यावी. पाणी घरून न्यावे. पुढच्या खेपेला वेळ उरल्यास डोंगरगडचा तिसरा डोंगर, चंद्रगिरी, हाही पाहावा. ते जैनांचे तीर्थ आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे आचार्य विद्यासागर यांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथे देह ठेवला.

दुसरी सूचना जरा धीट आहे. वर्षातून एक दिवस गाडीत जे जमते, ते उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवशी गावात का जमू नये? डोंगर चढताना दम लागला तेव्हा आपण एकमेकींचा हात धरला. कोणाचा हात कोणत्या वस्तीतला, हे त्या वेळी पाहिले नाही. पुढच्या महिन्यापासून मंडळाची सभा आळीपाळीने भरवावी, एका महिन्यात या सभागृहात आणि दुसऱ्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीत. चहा दोन्हीकडे सारखाच गोड असतो. आणि नियम तोच राहील: यायचे सर्वांनी, नमस्कार ज्याचा त्याने करायचा.

ही सूचना आजच्या सभेत मताला टाकावी, अशी अध्यक्षाबाईंना विनंती करून मी माझे बोलणे संपवते.